भाऊ दहावी न झालेला, दुबईच्या हॉटेलात कामाला चाललाय. डिचोलीहून निघण्याआधी काय करावं?

एजंट ई-मायग्रेट या परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का ते आजच तपासा, मग भावाला परराष्ट्र मंत्रालयाचं एक दिवसाचं मोफत प्रस्थानपूर्व प्रशिक्षण घ्यायला लावाच. ईसीआर पासपोर्टवर (दहावी न झालेल्यांना मिळणारा, ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’ असा पासपोर्ट) आखातात नोकरीला जायला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली सरकारी मंजुरी लागते, आणि नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून देतो’ म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. पगार थकला तर दाखवायला हातात करारच नसतो, आणि गरीब घरची पोरं इथेच अडकतात. प्रवासी भारतीय विमा योजनेत १० लाखांचं अपघाती संरक्षण आहे, तेही घ्या. क्रूझवर जाणाऱ्यांची वाट मात्र वेगळी: सीडीसी (जहाजावर काम करणाऱ्याचं नोंदपुस्तक) आणि एसटीसीडब्ल्यू (जहाजावरच्या सुरक्षेचा) कोर्स.