अमेरिकेच्या पीस डॉलरवर ‘ट्रस्ट’ या शब्दात यूच्या जागी व्ही आहे, मग नाणं नकली का? आणि त्यावरच्या बाईचा, गरुडाचा अर्थ काय?

व्हीवरून नाणं नकली ठरवू नका. जुन्या रोमन शिलालेखांत यूच्या जागी व्हीच कोरत, ते वळण इथे मुद्दाम घेतलंय. खऱ्या पीस डॉलरवर व्हीच असतो. मी लिहायला बसलो कारण याच व्हीपायी आमच्या घरातला डॉलर आटणार होता.

आजोबा बोटीवर होते. त्यांनी आणलेला 1923 चा डॉलर आजीच्या पानाच्या डब्यात असायचा. बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा थोरले काका तो सराफाकडे घेऊन गेले, मी सोबत. सराफाने कसोटीवर घासला आणि म्हणाला, चांदीत भेसळ आहे, स्पेलिंगही चुकलंय, आटवून जोडवी करून देतो. भेसळ कसली! 90 टक्के चांदी आणि 10 टक्के तांबं, असाच तो पाडला जायचा. वजन 26.73 ग्रॅम असायला हवं. आमचा झिजलेला, तरी साडेसव्वीस भरला. मी नाणं उचललं आणि थेट घरी आलो. काका दोन वर्षं माझ्याशी धड बोलले नाहीत.

आता बाई. ती स्वातंत्र्यदेवता. शिल्पकार अँथनी द फ्रान्सिस्की, मूळचे सिसिलीचे. समोर बसवली स्वतःची बायको, तेरेसा. तीही लहानपणी इटलीहून आलेली, आणि शाळेच्या कार्यक्रमात हीच देवता व्हायची तिची इच्छा राहून गेलेली. डोक्यावरचे किरण न्यूयॉर्कच्या पुतळ्यासारखे. कानावरचे केस आधी झिजतात, आमच्या नाण्यावर तिथे नुसता गुळगुळीत डाग उरलाय.

मागे गरुड खडकावर शांत बसलाय, पायात ऑलिव्हची फांदी, खाली ‘पीस’. पहिलं महायुद्ध संपल्याची ती खूण. मूळ आराखड्यात मोडलेली तलवारही होती. मोडकी तलवार म्हणजे शरणागती, अशी ओरड झाली आणि डिसेंबर 1921 मध्ये, नाणी पाडायच्या ऐन तोंडावर, टांकसाळीच्या जॉर्ज मॉर्गन यांनी ती हाताने काढून टाकली. माझ्या मते चांगलंच झालं, फांदी पुरेशी आहे.

पण काकांना मला खरं सांगायचंय ते वेगळंच. 1918 मध्ये हिंदुस्थानात लोक नोटा घेऊन चांदीचे रुपये मागायला लोटले, सरकारकडे चांदी पुरेना. तेव्हा पिटमन कायद्याखाली अमेरिकेने 27 कोटींवर डॉलर आटवले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिशांना विकली, आपल्याकडच्या रुपयांसाठी. त्याच कायद्याने पुढे नवी चांदी घेऊन डॉलर परत पाडायला लावले. पीस डॉलर त्या भरपाईतला आहे. आपल्या रुपयांपायी आटलेल्यांच्या जागी आलेलं नाणं काका जोडव्यांसाठी पुन्हा आटवणार होते!

हो, नकली डॉलर बाजारात भरपूर आहेत. चुंबकाला चिकटला तर नकलीच, पण चिकटला नाही म्हणून खरा असं नाही. वजन करा, जाणकाराला दाखवा. आणि चिंच, रांगोळी लावून घासू नका, किंमत पडते. आमच्या आईने दर दिवाळीला घासलाय.

बहिणीला जोडवी माझ्या पहिल्या पगारातून केली. डॉलर अजून पानाच्या डब्यातच आहे. काका, बघायला कधीही या.