मसुद्यातली विशेषणं आधी वाचा

कंपनीच्या हिशेबांवर देखरेख ठेवणाऱ्या ऑडिट समितीवर पहिल्यांदाच बसताय, अभिनंदन. सीए आहात, आकडे तुम्ही नीट वाचालच. मी सांगतोय ते शब्दांबद्दल.

संकट आलं की निकालांसोबतच्या निवेदनाच्या मसुद्यात आधी विशेषणं सुजतात. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आमच्यापुढे वाक्य आलं, 'परिणाम तात्पुरता व मर्यादित'. मी एवढंच विचारलं, तात्पुरता म्हणजे किती महिने? आणि मर्यादित कशावरून? सीएफओ (वित्तप्रमुख) गप्प. शेवटी तिथे बंद कारखान्यांची संख्या, थकलेली वसुली आणि रोकड किती पुरेल ते आलं. बाजार नियामक सेबीच्या 20 मे 2020 च्या परिपत्रकाचा रोखही तोच होता: कामकाज, रोकड, कर्जफेड, मागणी यांवर नेमका परिणाम काय?

समिती स्वतः निवेदन लिहीत नाही. तिचा वचक प्रश्नांतून चालतो. व्यवस्थापनाला बाहेर बसवून लेखापरीक्षकांशी बोला. त्यांचा सूर मसुद्यातल्या सुरापेक्षा काळजीचा वाटला, तर सही थांबवा.

मसुदा आदल्या दिवशीच मागवा. निकालांना मंजुरी देणारी संचालक मंडळाची बैठक बाजार चालू असताना संपली, तर अर्ध्या तासात निवेदन एक्स्चेंजवर जावं लागतं. आयत्या वेळी पानं पुढे सरकवली की चहा-बिस्किटांबरोबर सगळं मंजूर होतं. (मीही केलंय.)

आणि वकिलांनी गुळमुळीत केलेला परिच्छेद दिसला, तर तो मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. वाचणाराच अडखळतो.