शिडाची होडी आधी, मोटारबोट नंतर

सप्रेम नमस्कार.

अकरावी विज्ञान शाखेत शिकणारी आपली मुलगी मे महिन्यात मुंबई बंदरातल्या शिडाच्या होड्यांच्या शिबिराला जाऊन आली आणि तेव्हापासून तिला दुसरे काही सुचत नाही, असे आपण ऐरोलीहून कळवले आहे. समुद्रावरच पोट भरायचे असेल तर इंजिनाच्या जमान्यात शीड कशाला, सरळ मोटारबोट का शिकू नये, असा आपला प्रश्न आहे.

प्रश्न रास्त आहे. मांडव्याची रो-रो फेरीबोट असो वा आपल्या खाडीत फ्लेमिंगो दाखवणारी बोट असो, ओहोटीने चिखल उघडा पडायच्या आत माणसे परत आणायची तर इंजिनाला पर्याय नाही.

मात्र मुलीला भुरळ नेमकी कशाची पडली, ते पाहावे. मोटारबोटीत सुकाणू वळवून हँडल पुढे ढकलले की बोट निघते, आणि वारा समोरून आला तर अंगावर शिंतोडे जास्त उडतात, इतकेच. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जातच नाही. तिला साधारण ४५ अंशांचा कोन धरून, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे, नागमोडी चढावे लागते. एका हातात सुकाणूचा दांडा आणि दुसऱ्यात शिडाची दोरी असते. शिडाची पुढची कड फडफडू लागली की दोरी वीतभर ओढायची, होडी कलली की पट्ट्याखाली पावले अडकवून अंग पाण्यावर बाहेर झोकायचे, आणि पुढची झुळूक पाण्यावर गडद सुरकुती उठवत येताना दिसली की ती पोहोचायच्या आत यातले काय करायचे ते ठरवायचे. सकाळचा मतलई वारा पडला आणि खारा वारा अजून उठला नाही, तर होडी तासभर जागची हलत नाही. (शिबिराच्या वेळापत्रकात हा तास छापलेला नसतो.)

ही नजर सोळाव्या वर्षी जशी अंगात भिनते तशी पुढे भिनत नाही, मोटारबोट मात्र पंचविशीतही शिकता येते. म्हणून माझे मत शिडाच्या बाजूने आहे. यंत्रांची कमतरता नसलेले नौदलसुद्धा शिडाच्या नौका बाळगते, आणि २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोन महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतूनच पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली.

केवळ शिडावर घर चालेल, असे मात्र मी म्हणणार नाही. समुद्र नसलेल्या मध्य प्रदेशातल्या नेहा ठाकूरने भोपाळला शिकून २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. परंतु असे यश थोड्यांच्याच वाट्याला येते, आणि त्याच्या भरवशावर बारावीकडे दुर्लक्ष करणे मला मान्य नाही. पगाराची वाट आपल्या घरापासून फार लांब नाही. नेरूळजवळ करावे येथे ‘टी. एस. चाणक्य’ ही व्यापारी जहाजांवरचे अधिकारी घडवणारी संस्था आहे, तिथे नॉटिकल सायन्सची, म्हणजे जहाज चालवण्याच्या शास्त्राची, तीन वर्षांची पदवी मिळते आणि प्रवेश इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या परीक्षेतून होतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या विषयांच्या गुणांना तिथे महत्त्व आहे. मोकळ्या पाण्यात इंजिनाच्या नौकेने शिडाच्या नौकेला वाट द्यावी, पण मागून ओलांडून जाताना शिडाच्या नौकेनेही बाजूला राहावे, असे नियम तिथे इतर मुले पाठ करतील; आपल्या मुलीने ते सुकाणू हातात धरून शिकलेले असतील.

एक काम मात्र याच महिन्यात करावे. तिच्या डोळ्यांची तपासणी करून घ्यावी, कारण या शाखेत रंगांधळेपणा चालत नाही आणि चष्म्याबाबतचे निकषही कडक आहेत; दोन वर्षे तयारी करून तिथे अडकलेली मुले मी पाहिली आहेत.

आणि दोघे बसतील अशी होडी मिळाली तर एका रविवारी आपणही तिच्यासोबत जावे. वळण घेताना ती “बाबा, डोके खाली” म्हणेल, तेव्हा कारण न विचारता वाकावे. शिडाखालची आडवी काठी फार जोरात फिरते.