वाचकांचे प्रश्न : कांद्याच्या मुळात गुणसूत्रे का सापडत नाहीत?

प्रश्न : अकरावीच्या प्रात्यक्षिकासाठी कांद्याच्या मुळाची स्लाइड केली. सगळीकडे गोल केंद्रकेच दिसली. दोनचार पेशींत गुणसूत्रे होती, पण एकमेकांत गुंतलेली. ती मोजायची कशी?

उत्तर : गोल केंद्रके जास्त दिसणारच. वाढत्या मुळातही कोणत्याही क्षणी बहुतेक पेशी दोन विभाजनांच्या मधल्या काळात असतात. पण विभाजन जवळपास सापडलेच नसेल, तर आधी मुळाचा कोणता भाग घेतला ते तपासा. पेशी विभागतात त्या टोकाकडच्या दोनेक मिलिमीटरमध्ये. त्याच्या वर त्या फक्त लांब होतात. स्लाइडवर लांबट पेशी दिसत असतील, तर तुकडा वरचा आहे. रंगवल्यावर टोक सर्वांत गडद होते. तेवढेच ठेवा, बाकीचे ब्लेडने काढून टाका.

गुंता होतो तो बहुधा पेशी सुट्या न झाल्यामुळे. दोन-तीन सेंटिमीटर लांबीची मुळे तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडमध्ये 24 तास ठेवा. मग वॉचग्लासमध्ये ॲसिटोऑर्सिन या रंगाचे नऊ थेंब आणि 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब घेऊन त्यात ती गरम करा. उकळू मात्र देऊ नका. आम्लामुळे पेशींना जोडणारे पेक्टिन सुटते. ही पायरी घाईत उरकली, तर पेशी एकावर एक राहतात आणि कितीही दाबले तरी पसरत नाहीत. कव्हरस्लिपवर टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. काच जराही सरकली की गुणसूत्रे तुटतात, ओढली जातात.

नुसती मोजणीच करायची असेल, तर मुळे वरच्या अल्कोहोल-ॲसिडमध्ये ठेवून स्थिर करण्याआधी तीनेक तास पॅराडायक्लोरोबेंझिनच्या संपृक्त द्रावणात ठेवा. गुणसूत्रे ओढणारे तर्कुतंतू बनत नाहीत, पेशी मध्यावस्थेत (गुणसूत्रे वेगळी होण्याआधीच्या टप्प्यात) अडकतात, गुणसूत्रे आखूड आणि सुटी होतात. कांद्याच्या पेशीतली सोळा गुणसूत्रे मोजता येतील. अशा मुळात पश्चावस्था (गुणसूत्रे पेशीच्या दोन टोकांकडे ओढली जातात तो टप्पा) मात्र मिळणार नाही, म्हणून निम्मी मुळे द्रावणाबाहेरच राहू द्या.

प्रश्न : पश्चावस्थेत गुणसूत्रे 16 म्हणायची की 32?

उत्तर : 32. मोजणी गुणसूत्रबिंदूंची होते. मध्यावस्थेत एका बिंदूला दोन क्रोमॅटिड (गुणसूत्राच्या जोडलेल्या दोन सारख्या प्रती) असतात, म्हणून गुणसूत्रे 16. बिंदू दुभंगला की प्रत्येक क्रोमॅटिड स्वतंत्र गुणसूत्र ठरते आणि प्रत्येक ध्रुवाकडे 16 जातात. पेशीतला डीएनए या क्षणी वाढत नाही; तो पूर्वावस्थेआधीच, म्हणजे विभाजन सुरू होण्यापूर्वीच, दुप्पट झालेला असतो. परीक्षेत गोंधळ होतो तो नेमका इथे.