संध्याकाळी पापणी पडते ना? मग ते अँटिबायोटिक आधी बाजूला ठेवा

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. आईंची डावी पापणी दिवाळीपासून संध्याकाळी खाली येते, जिना उतरताना पायऱ्या दोन-दोन दिसतात, अर्धी भाकरी झाली की जबडा थकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूची सुरुवात सांगितली आणि आता येत्या गुरुवारी न्यूरोलॉजिस्टची, म्हणजे मेंदू, नसा आणि स्नायूंच्या डॉक्टरांची, वेळ मिळाली आहे. जाण्याआधी काय तयारी करायची, असं तुम्ही विचारलंय. पण मी अडकले ती शेवटच्या ओळीवर. आईंना सर्दी-खोकला झालाय म्हणून तुम्ही मेडिकलमधून अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणून ठेवलंय आणि आज रात्रीपासून सुरू करणार आहात.

आज रात्री देऊ नका. आईंना मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायू थकण्याचा आजार असेल, तर या औषधाने तो बिघडू शकतो. गुरुवारच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करा, पापणीचं आणि जबड्याचं सांगा आणि विचारूनच काय ते करा. फोन लागला नाही तर जवळच्या एमडी डॉक्टरांकडे जाऊन हेच सांगा.

मी डॉक्टर नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. २०१६ पासून मला मायस्थेनिया ग्रेव्हिस आहे. आईंना तेच आहे असं मी म्हणू शकत नाही, पापणी पडण्याची कारणं बरीच असतात. (एका दिवसात अचानक पडली, जोडीला डोकं फुटल्यासारखं दुखतंय, त्या डोळ्यातली बाहुली मोठी दिसतेय, असं असेल तर ते प्रकरणच वेगळं. तेव्हा गुरुवारची वाट न बघता तडक मोठ्या हॉस्पिटलात जायचं.) पण तुम्ही लिहिलेलं सगळं सकाळी बरं आणि संध्याकाळी वाईट आहे. तो माझाच जुना रस्ता आहे, म्हणून इतकं लिहितेय.

माझी सुरुवात कोजागिरीला झाली. गच्चीवर दूध आटत होतं, वर बघितलं तर दोन चंद्र, एकावर एक सरकलेले. एक डोळा झाकला की एकच. हे आईंनाही करायला सांगा. कुठलाही एक डोळा झाकल्यावर दोनाचं एक होत असेल, तर दोन्ही डोळे एका रेषेत राहत नाहीत, म्हणजे डोळा फिरवणारे स्नायू थकत असतील. मोतीबिंदूने दोन दिसत असतील तर दुसरा डोळा झाकूनही मोतीबिंदूच्या डोळ्याला दोनच दिसतात. एवढी साधी गोष्ट मला पाच महिने कोणी विचारली नाही. दोन चष्मे झाले. शाळेत चौथ्या तासाला माझा आवाज नाकातून यायला लागला, मुलं विचारायची, बाई, सर्दी झालीय का? घरचे म्हणाले टेन्शन. एकांनी तर लकवा म्हणून तेलाचा मसाज सुरू करून दिला.

न्यूरोलॉजिस्टबद्दल इथे आणखी लिहीत बसत नाही. एवढंच सांगते, आईंना ‘डोक्याच्या डॉक्टरकडे’ जायची भीती वाटत असेल तर मला पुण्यात बाहेरच्या बाकावर कोण भेटले ते सांगा. फीटच्या गोळ्यांची पाच वर्षं पूर्ण केलेली कॉलेजची मुलगी, पार्किन्सनमुळे हात थरथरणारे निवृत्त पोस्टमास्तर, पक्षाघातानंतर पुन्हा चालायला लागलेले एक शेतकरी, अर्धशिशीच्या दोघी-तिघी. कोणीही वेडं नव्हतं.

डॉक्टरांनी पेन वर धरून एक मिनिट त्याच्याकडे बघायला सांगितलं. चाळिसाव्या सेकंदाला माझी पापणी पडदा सोडल्यासारखी खाली आली. मग दवाखान्यातल्या मावशींनी रबरी हातमोज्यात बर्फाचे खडे भरून आणले आणि मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटं धरले. मोजा काढला, गालावर पाणी ओघळत होतं, आणि पापणी वर! माझ्या मिस्टरांनी तिथेच डोळे पुसले. पुढे हाताला बारीक झटके देऊन बघायची तपासणी झाली, रक्तातल्या अँटिबॉडीज तपासल्या, छातीचा सीटी झाला. सीटी कशाला म्हणून वाद घालू नका. छातीच्या हाडामागे थायमस ग्रंथी असते, या आजारात दहातल्या एखाद-दुसऱ्या पेशंटला तिची गाठ निघते. माझी गाठ नव्हती, तरी २०१९ मध्ये थायमस काढली.

आजार असा की नस स्नायूला निरोप पाठवते, तो पोहोचायच्या जागेवर आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती हल्ला करते. म्हणून स्नायू पहिल्यांदा काम करतो, दहाव्यांदा करत नाही. अमिताभ बच्चन यांना १९८० च्या दशकात हाच आजार झाला होता, हे मी माझ्या सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा धीर आला. उपाय आहेत, आणि जुने आहेत. १९३४ मध्ये लंडनमधल्या ग्रीनिचच्या हॉस्पिटलात मेरी वॉकर या डॉक्टर बाईंना हा आजार क्युरारे या विषाच्या परिणामासारखा वाटला. त्यांनी त्या विषावरचं औषध पेशंटला टोचलं आणि पडलेली पापणी उचलली गेली. आज मी घेते ती पायरिडोस्टिग्मिनची गोळी त्याच घराण्यातली.

आता माझी चूक. इतकं लिहिलं ते हिच्यासाठी.

ऑगस्ट २०१८. श्रावणातली धावपळ, शाळेत पंधरा ऑगस्टची तयारी, अंगातली ताकद कमी वाटायला लागली. मी डॉक्टरांना न विचारता पायरिडोस्टिग्मिनच्या ६० मिलिग्रॅमच्या रोजच्या चार गोळ्यांच्या सात केल्या. या गोळीने पोटात मुरडा येतो, जुलाब होतात, तोंडाला पाणी सुटतं. ते मला माहीत होतं, पण मला वाटलं बाहेरचं खाल्लं म्हणून पोट बिघडलं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून जुलाबाची नेहमीची गोळी आणली, ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोल. आपल्याकडे घराघरातल्या डब्यात असते ती. यातलं ऑफ्लॉक्सासिन ज्या गटातलं आहे (सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही त्याचीच भावंडं), त्या गटावर मायस्थेनियाच्या पेशंटसाठी ठळक चौकटीतला इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच टाकायला लावला होता. मेडिकलवाल्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पोटाच्या गोळीचा आणि पापणीचा काय संबंध, असंच मला वाटलं.

तीन गोळ्या झाल्या. तिसऱ्या रात्री पाणी पिताना ते नाकातून आलं. मान उचलेना. आडवं झालं की जीव गुदमरायचा, बसलं की जरा बरं. धाप अशी लागत नव्हती, श्वास फक्त वरवरचा झाला होता. शेजाऱ्यांच्या ओम्नीतून तालुक्याच्या गावी एका नर्सिंग होममध्ये नेलं. रात्रीचे अकरा वाजले होते.

तिथल्या ड्युटी डॉक्टरांनी विचारलं, काही गोळ्या चालू आहेत का? मला बोलता येत नव्हतं, तोंडातून नुसता नाकातला घोगरा आवाज. मिस्टर म्हणाले, ‘अशक्तपणाच्या गोळ्या चालू आहेत.’ त्यांचं खोटं नव्हतं, घरात आम्ही त्यांना तेच म्हणायचो. डॉक्टरांनी ते टॉनिक समजून सोडून दिलं. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९७ आला. ‘ऑक्सिजन छान आहे, पेशंट घाबरलाय’ म्हणून सलाइन लावली आणि शांत झोपेचं इंजेक्शन दिलं. मी हाताने नाही-नाही करत होते, बोटाने चादरीवर अक्षरं काढत होते. नर्सने हात धरून बाजूला ठेवला. माझी फाइल घरी कपाटात, साड्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेली होती.

दादा, हे लक्षात ठेवा. स्नायू थकल्यामुळे श्वास उणा पडतो तेव्हा बोटावरचा ऑक्सिजन शेवटपर्यंत चांगला दिसू शकतो, आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. त्यात झोपेचं इंजेक्शन म्हणजे उरलेला श्वासही दाबणं. पहाटे चारला मी निळी पडले. शहरातल्या हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत शुद्ध नव्हती. अकरा दिवस व्हेंटिलेटर. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे शिरेतून द्यायचं अँटिबॉडीजचं औषध, पाच दिवस, माझ्या वजनाला पाच ग्रॅमच्या चोवीस बाटल्या, फक्त त्यांचेच सव्वादोन लाख. माझ्या मुलीची दहावी होती त्या वर्षी, ती आयसीयूच्या बाहेर पायरीवर बसून अभ्यास करायची.

त्या नर्सिंग होमचा राग मला आजही आहे, तो लपवत नाही. ‘अशक्तपणाच्या म्हणजे कसल्या? नाव काय?’ हे दोन प्रश्न विचारायला हवे होते. पण या आजाराला मी इतक्या वर्षांत ओळखलंय, आणि यात ज्या क्षणी सांगायची सगळ्यात जास्त गरज असते त्याच क्षणी आवाज जातो. म्हणून सांगायचं काम कागदाकडे द्यावं लागतं. माझ्याकडे तळहाताएवढं लॅमिनेट केलेलं कार्ड आहे, एक पर्समध्ये, एक शाळेच्या ओळखपत्रामागे, एक मिस्टरांच्या पाकिटात. वर मोठ्या अक्षरात आजाराचं नाव, खाली चालू गोळ्या मिलिग्रॅमसकट, न्यूरोलॉजिस्टचा नंबर, आणि ‘विचारल्याशिवाय देऊ नये’ म्हणून डॉक्टरांनीच लिहून दिलेली नावं. सिप्रो-ऑफ्लो-लिव्होचा गट, जेंटामायसिन आणि अमिकासिनची इंजेक्शनं, अझिथ्रोमायसिनचा गट, शिरेतून मॅग्नेशियम, क्विनिन-क्लोरोक्विन, प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या, झोपेची इंजेक्शनं. शेवटची ओळ लाल शाईत: ऑक्सिमीटरवर विसंबू नका, श्वासाची ताकद मोजा.

यातलं काही कधीच चालत नाही, काही नाइलाजाने लक्ष ठेवून देतात, ते ठरवणं डॉक्टरांचं. मला अमॉक्सिसिलिन चालतं असं माझ्या डॉक्टरांनी सांगितलंय, ते मला. आईंसाठी तुम्ही विचारा. आणि आईंना डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिलेत का ते बघा. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबही या आजारात त्रास देतात. थेंब म्हणजे औषध नाही असं आपण धरतो, म्हणून ते यादीत येत नाहीत. बंद करू नका, बाटली घेऊन जा आणि दाखवा. दात काढायचा असेल, कुठलंही ऑपरेशन असेल, तर भूलतज्ज्ञांना आधी कार्ड दाखवायचं.

बिलांच्या प्रतिपूर्तीचं तर विचारूच नका. एका कार्यालयाने माझी फाइल तीनदा परत पाठवली, एकदा ‘तातडीने दाखल’ हे शब्द डिस्चार्ज कार्डावर नाहीत म्हणून. व्हेंटिलेटरवर कोणी सवडीने जातं का? चौदा महिने लागले. आईंना पेन्शन किंवा विमा असेल तर एवढं करा: डिस्चार्जच्या दिवशीच हे शब्द लिहून घ्या आणि प्रत्येक महागड्या बाटलीचं स्टिकर बिलाला चिकटवून मागा. नंतर कोणी देत नाही.

आता गुरुवारचं. वेळ सकाळची असेल तर दुपारनंतरची मागून बघा. सकाळी आई ठणठणीत दिसतील आणि ‘काही नाही’ म्हणून परत याल. बदलून मिळाली नाही तर आजपासून रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, त्याच खुर्चीत, त्याच उजेडात चेहऱ्याचा फोटो काढा. संध्याकाळी आईंना एखादा हरिपाठाचा अभंग म्हणायला लावून व्हिडिओ करा, आवाज कुठे नाकात जातो ते कळेल. माझ्या मते डॉक्टरांना हा व्हिडिओ दहा रिपोर्टांपेक्षा उपयोगी पडतो. तोवर भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून द्या, मुख्य जेवण सकाळी उरकू द्या, मान पुढे झुकवून घोट घ्यायला सांगा. पुढे स्टिरॉइड सुरू झाली तर पहिल्या दोनेक आठवड्यांत कधी कधी आधी बिघडतं आणि मग सुधारतं, तेव्हा घाबरून मनाने बंद करू नका. शेजारणीच्या सांगण्यावरून तर नाहीच.

एक तपासणी घरी होते. आईंना ताठ बसवा, खोल श्वास घेऊ द्या आणि एकाच श्वासात एक, दोन, तीन असं मोठ्याने मोजायला सांगा, सेकंदाला दोन आकडे. चांगल्या माणसाचे पन्नासपर्यंत जातात, वयाने थोडे कमी. वीसच्या आत अडकल्या, किंवा पाणी नाकातून आलं, मान धरवेना, आडवं झोपवत नाही म्हणाल्या, तर गुरुवार विसरा. रात्र असली तरी निघा, आणि जिथे व्हेंटिलेटर आहे अशाच ठिकाणी न्या. मधे कुठे सलाइनला थांबू नका.

आज जेवणानंतर मोजून घ्या आणि आकडा इथे लिहा. मी अकरापर्यंत जागी आहे.