नर्स म्हणून रॉइटलिंगेनला जाताय? मग श्वेबिशबद्दल थोडं

तुम्ही विचारलंय: सांगलीत जर्मनची बी-टू पातळी झाली, जर्मनीतल्या रॉइटलिंगेनच्या रुग्णालयाचं पत्र हातात आलं, आणि आता कुणीतरी सांगितलं की तिथले वयस्कर पेशंट श्वेबिश ही त्या भागातली बोली बोलतात. मग निघण्याआधी तेही शिकायचं का? महाराष्ट्र आणि रॉइटलिंगेन ज्यात येतं ते जर्मन राज्य बाडेन-व्युर्टेम्बर्ग यांच्यात 2024 मध्ये मनुष्यबळाचा करार झाला, तेव्हापासून हा प्रश्न मला बऱ्याच मुली विचारतात.

बोलायला शिकू नका. समजून घ्यायला मात्र आजपासून लागा. मी त्याच भागात वॉर्डात काम करते. नव्याने आलेल्या मुली व्याकरणात क्वचितच अडतात, पण कानाला सवय नसते आणि तिथे गाडी अडते.

श्वेबिश ही जर्मनचीच अलेमानिक गटातली बोली, आणि तिचे उच्चार नियमाने बदलतात. 'फेस्ट'चं 'फेश्ट' होतं, 'डू बिस्ट' (तू आहेस) याचं 'डू बिश'. 'इश हाबं' (माझ्याकडे आहे) याचं 'इ हान', आणि 'वीर' म्हणजे 'आम्ही', त्याचं 'मिर'. ओठ गोल करून काढायचे स्वर सपाट होतात, म्हणून 'श्योन' (सुंदर) याचं नुसतं 'शें', तेही नाकातून. 'प', 'ट', 'क' मऊ पडून 'ब', 'ड', 'ग'कडे झुकतात. कशालाही लहानपणा दाखवणारं 'ले' लागतं, श्पेट्झ्ले या तिथल्या नूडल्समधला 'ले' तोच.

खरी काळजी घ्यायची ती ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांची. आजी म्हणाल्या 'फुअस' दुखतोय, तर तुम्ही पुस्तकातलं जर्मन आठवून पाऊल तपासाल. श्वेबिशमध्ये 'फुअस' म्हणजे आपल्या 'पाय'सारखाच, खुब्यापासून बोटांपर्यंत सगळा. दुखणं मांडीतही असू शकतं. त्यामुळे बोट ठेवून जागा दाखवायला सांगा आणि नोंदीत नेमकी तीच लिहा. 'हेबेन' म्हणजे उचलणं असं क्लासमध्ये शिकवतात, इथे त्याचा अर्थ धरून ठेवणं. उचलायला 'लुप्फं' म्हणतात. दोघी मिळून पेशंटला कुशीवर वळवत असाल आणि सहकारी 'हेब मोल' म्हणाली, तर आहे तसं घट्ट धरा. 'टेपिश' मागितला तर गालिचा शोधू नका, त्यांना पांघरायला हवंय. 'लाउफं' म्हणजे चालणं, पळण्याला 'श्प्रिंगं'.

ड्युटीची वेळही नीट ऐका. 'ड्रायफिअर्टल सेक्स' म्हणजे पावणेसहा, हे आपल्याला लगेच पटतं. पण 'फिअर्टल सेक्स' म्हणजे सव्वासहा नव्हे, सव्वापाच.

सगळीकडे एकच श्वेबिश नाही. श्टुटगार्टकडे 'नाही'ला 'नेट' म्हणतात, दक्षिणेला ओबरश्वाबेनमध्ये 'इट'. राज्याची हद्दही भाषा पाळत नाही: पूर्वेला शेजारच्या बायर्न (बव्हेरिया) राज्यातल्या आउग्सबुर्गपर्यंत श्वेबिश आहे, तर हायलब्रॉनच्या उत्तरेला याच राज्यात फ्रँकिश बोली. फ्रायबुर्ग, कार्ल्सरुहंच्या माणसाला श्वाबं, म्हणजे श्वेबिश माणूस, म्हणू नका; ती शहरं बाडेनमधली. बाडेन आणि व्युर्टेम्बर्ग 1952 मध्ये एका राज्यात आले, पण बाडेनवाले स्वतःला वेगळेच मानतात आणि ते त्यांना मनापासून लागतं.

अवघडून मात्र जाऊ नका. 'आम्हाला सगळं जमतं, फक्त प्रमाण जर्मन सोडून' अशी जाहिरात या राज्याने 1999 मध्ये स्वतःहून केली होती. 'बिटं आउफ होखडॉइच' (कृपया प्रमाण जर्मनमध्ये) म्हटलं की बहुतेक जण बदलून बोलतात, आजी-आजोबाही जमेल तसं बोलतात. समजलं नाही तर पुन्हा विचारा, मान डोलावून वेळ मारून नेऊ नका. औषध आणि दुखण्याच्या बाबतीत तर कधीच नाही. कौतुकाला इथे हात आखडता असतो. 'रागावलो नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं' ही इथली म्हणच आहे, तेव्हा कुणी काही बोललं नाही म्हणून खट्टू होऊ नका.

पेशंटशी ओढूनताणून श्वेबिश बोलू नये असं माझं ठाम मत आहे, त्यांना ती नक्कल वाटू शकते. येताना 'ग्र्युस गॉट' आणि निघताना 'अडे' एवढं पुरे. सध्या रोज थोडा वेळ एसडब्ल्यूआर या तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचा रेडिओ लावा, विशेषतः श्रोते फोन करून बोलतात ते कार्यक्रम. आणि रुजू झाल्यावर पहिले काही दिवस रिपोर्टिंगच्या वेळी एखाद्या जुन्या सिस्टरशेजारी उभ्या राहा. एखादा शब्द अडला तर तिथल्या तिथे विचारून घेता येतो.