अद्रकीचा सॉस कडवट होतो त्यावर माझी पद्धत

ताई, तुम्ही विचारलंय की मोमो आणि नूडल्ससाठी घरी अद्रकीचा सॉस केला तर कडवट होतो, दोरे दातात अडकतात आणि दोन-तीन दिवसांत वास बदलतो. सगळ्यात मोठी गडबड पहिल्याच पायरीला होतेय, तुम्ही आपल्या भाजीच्या फोडणीसारखी अद्रक-लसूण पेस्ट कडक तेलात परतताय. पेस्ट तळाला धरते, लसूण आधी करपते आणि मग वरून कितीही साखर घाला, तो कडूपणा जात नाही.

चीनच्या कँटन भागात मंद आचेवर उकडलेल्या कोंबडीसोबत अद्रक आणि कांद्याच्या पातीचा सॉस खातात, त्यात अद्रक परततच नाहीत. बारीक चिरलेल्या कच्च्या अद्रकीवर मीठ घालून कडक तेल ओतायचं, बस. कच्च्या अद्रकीचा झणका तिच्यातल्या जिंजेरॉल नावाच्या घटकाचा असतो, जास्त शिजवलं की तो मवाळ, गोडसर पडतो, आणि अद्रक वाळली की त्याचंच शोगाओल होतं जे अजून जहाल, म्हणून सुंठ घालून हा सॉस जमत नाही. आणि तिकडच्या स्वयंपाकात हे तेल बऱ्याचदा शेंगदाण्याचंच असतं, म्हणजे आपल्या जळगाव-धुळ्याकडे तर वेगळं काही आणायलाच नको, घाण्याचं असेल तर अजून छान.

मी साधारण १०० ग्रॅम अद्रक घेते, चमच्याने खरवडून सोलते. दोरे उभे असतात म्हणून आधी आडव्या पातळ चकत्या, मग काड्या, मग बारीक. मिक्सर नकोच, दोऱ्यांचा लगदा होतो आणि पाणी सुटतं. त्यावर मूठभर चिरलेली पात, एक छोटा चमचा मीठ, आणि हे सगळं खोलगट स्टीलच्या पातेल्यात, काचेच्या बाऊलमधे अजिबात नाही, तडकू शकतो. अर्धी वाटी तेल धूर निघायच्या बेताला तापवा, गॅस बंद करा, आणि दोन-तीन वेळा थोडं थोडं ओता कारण ते जोरात फसफसून वर येतं. चर्रर्र आवाज आला आणि पात हिरवीगार राहिली म्हणजे तेल बरोबर होतं, आवाजच नाही आला तर तेल थंड होतं आणि अद्रक कच्ची लागेल.

हे करायचा खरा सीझन म्हणजे हिवाळा. भरीतासाठी बाजारात पातीच्या जुड्याच जुड्या असतात आणि चाळीसगावला घाट उतरून कन्नडकडची नवी अद्रक येते, नखाने साल निघेल अशी कोवळी. उन्हाळ्यात जून अद्रक मिळते, तेव्हा किसून घ्या, दोरे बरेचसे किसणीवरच राहतात.

मोमोला बुडवून खायचा असेल तर दोन चमचे हा सॉस, एक चमचा सोया सॉस, थोडं लिंबू, चिमूटभर साखर. सोया सॉस स्वतःच खूप खारट असतो, त्यामुळे तेव्हा मूळ सॉसमधे मीठ निम्मं ठेवा. साधं सिंथेटिक व्हिनेगर मला यात उग्र वाटतं, लिंबूच चांगलं.

आता वास बदलण्याचं. वर तेल आहे म्हणजे लोणच्यासारखं टिकेल असं समजून बरणी ओट्यावर ठेवू नका, प्लीज. लोणचं मीठ आणि आंबटपणामुळे टिकतं, इथे दोन्ही कमी. तेलाखाली हवा नसते आणि बोटुलिझम म्हणजे जीवघेणी विषबाधा करणाऱ्या जंतूंना तसंच लागतं, ते विष वासावरून किंवा चवीवरून कळेलच असं नाही. लसूण घातली तरी हाच धोका. गार झाल्या झाल्या फ्रीजमधे ठेवा, कोरडा चमचा वापरा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

त्यापेक्षा सोललेली अद्रक फ्रीझरमधे ठेवा, लागेल तेव्हा गोठलेलीच किसा, मस्त भुरभुरीत पडते. फक्त तेल ओतायच्या आधी ती पूर्ण सुटू द्या आणि पाणी पिळून टाका, नाहीतर तेल अंगावर उडेल.